जुना फोन, लॅपटॉप, कॅमेरा : इंदूरला दुकानात बरा भाव कसा मिळवावा?

सुदामानगरकर

नमस्कार मंडळी. सुदामानगरचं घर सोडून आम्ही दोघं पुढच्या महिन्यात मुलाकडे निपानियाला राहायला जातोय. कपाटं रिकामी करताना एक लॅपटॉप, एक फोन आणि ह्यांचा निकॉन डी ७२०० कॅमेरा निघाला. तिन्ही चालू आहेत, पण वर्षभरात कुणी हात लावलेला नाही. पडून राहण्यापेक्षा कुणाच्या कामी येतील म्हणून काल जेलरोडला गेले.

पहिल्या दुकानदाराने फोन हातात घेतला, उजेडाकडे तिरका धरला, काचेवरून नख फिरवलं आणि म्हणाला, "आंटी, इसका तो अब कोई पूछता नी. पैंतीस सौ दे दूँगा." चार वर्षांपूर्वी तो एकोणीस हजारांना घेतलेला. लॅपटॉप तर त्याने उघडलाही नाही, बॅगेवरूनच सात हजार सांगितले. दुसऱ्या दुकानात कॅमेऱ्याचे लेन्ससकट अठरा हजार. मी तिन्ही वस्तू परत घेऊन आले.

मला भाव करता येत नाही असं नाही. राजवाड्याच्या बाजारात चाळीस वर्षं भाजी घेतली आहे. पण भाजीचा भाव मला ठाऊक असतो, ह्या वस्तूंचा नाही. दुकानदार नेमकं काय बघतो आणि कशाचे पैसे कापतो हे कुणी सांगाल का? शेजारच्या काकू म्हणतात, विकू नका, सराफ्यात गिरवी ठेवा, लागली तर सोडवता येईल. तसं होतं का?

खासगीवाडा

ताई, गिरवीचं आधी सांगतो. आमच्या घरात दोन पिढ्या सराफ्यातली गिरवी पाहिली आहे. तिथे सोनं आणि चांदी चालते. सोन्याचा भाव रोज निघतो, वजन करता येतं, कस लावता येतो, आणि पाच वर्षांनी सोडवलं तरी सोनं सोनंच राहतं. फोन सहा महिने तिजोरीत ठेवला तर त्याची बॅटरी उतरते आणि भावही उतरतो. व्याज सुटेपर्यंत मूळ रक्कमच वस्तूत उरत नाही, म्हणून सराफ त्याला हात लावत नाही. गल्लीबोळात कुणी "सामान ठेवून पैसे देतो" म्हणाला तर त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का आणि तो पावती देतो का, एवढं विचारा. पावती नाही म्हणाला की उठून या.

त्या वस्तू तुम्हाला परत नकोच आहेत. तेव्हा सरळ विका.

सोल्डरगन

काकू, मी जेलरोडवर आणि नंतर सिल्व्हर मॉलमध्ये मिळून अकरा वर्षं दुरुस्ती आणि जुन्या मालाची खरेदी-विक्री केली आहे. आता ते काम सोडलं, म्हणून मोकळेपणाने लिहितो. जरा लांबेल.

दुकानदार तुमच्या फोनकडे बघत नसतो, तो फोन पुढे कितीला जाईल ते बघत असतो. समजा तो फोन त्याच्या काउंटरवरून आठ हजारांना जाईल. त्यात त्याला हजार-बाराशे सुटले पाहिजेत. गिऱ्हाइकाला तो पंधरा दिवसांची "चेकिंग वॉरंटी" देतो, त्यात एखादा फोन परत येतोच, त्याचे दोन-तीनशे धरा. बॅटरी बदलायची वेळ आली तर आणखी सात-आठशे. माल महिनाभर पडून राहिला तर भाव घसरतो, त्याचेही काही. म्हणजे सगळं नीट असेल तर तो तुम्हाला साडेपाच हजार देऊ शकतो. मग साडेतीन का म्हणाला? वरचे दोन हजार त्याने शंकेपोटी कापले. फोन चोरीचा तर नाही? अकाउंट लॉक निघाला तर? काच बदललेली असेल का? आत पाणी गेलं असेल का? तुम्ही बंद फोन पिशवीतून काढून ठेवलात, बिल नाही, डबा नाही, चार्जर नाही. काउंटरवर आणखी चार लोक उभे. त्याला ह्यातलं काहीच तपासायला वेळ नव्हता, म्हणून सगळ्या शंका खऱ्या धरून त्याने भाव सांगितला.

ह्या शंका तुम्ही घरीच काढून टाकल्यात तर ते दोन हजार तुमचे.

फोन पूर्ण चार्ज करून न्या. चालू करून त्याच्या हातात द्या. *#०६# दाबलं की आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख-नंबर, दिसतो, तो बिलावरच्या नंबराशी जुळवून बघा. बिल हरवलं असेल तर ऑनलाइन घेतलेल्या वस्तूचं बिल त्या खात्यात बहुतेक सापडतं, दुकानातून घेतली असेल तर दुकानदाराला जुनं बिल काढून मागा. डबा मिळाला तर न्याच, त्यावर आयएमईआय छापलेला असतो आणि पुढच्या गिऱ्हाइकालाही डब्यासकट फोन आवडतो. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर तो नंबर तपासता येतो. नाहीतर इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून, पंधरा आकडी नंबर १४४२२ वर एसएमएस करा. त्या फोनची माहिती येते, चोरीचा म्हणून ब्लॉक असेल तर तेही कळतं. तो मेसेज दुकानदाराला दाखवा. काउंटरवर बसून मी पाहिलं आहे, स्वतःहून असा मेसेज दाखवणारा माणूस आला की आमचा पहिला आकडाच वेगळा निघायचा.

आणि टेम्पर्ड ग्लास काढून न्या. तुमची काच वरून ओरखडलेली दिसली असेल, नखाने त्याने तेच पाहिलं. खालची मूळ काच कोरी निघाली तर तिथल्या तिथे फरक पडतो. स्पीकरची आणि चार्जिंगच्या भोकाची धूळ जुन्या मऊ टूथब्रशने कोरडीच काढा, पाणी लावू नका. पिन सैल बसते म्हणून भाव पाडतात आणि पुष्कळदा आत नुसता खिशातला कापूस अडकलेला असतो.

लॅपटॉपचं उद्या लिहितो.

पोहेजिलेबी

एक विचारू का? माझी काच तडकली आहे. बदलून विकू की तशीच?

सोल्डरगन

तशीच. बाहेर हजार-दीड हजारांत जी काच पडते ती मूळ नसते. उजेडात तिचा रंग आणि कडा बघून दुकानदार लगेच ओळखतो. मग "डिस्प्ले बदललेला आहे" म्हणून जे कापतो ते तडकलेल्या काचेच्या कापण्याहून फार कमी नसतं, वर तुमचे दीड हजार गेलेले. आयफोनवर तर सेटिंगमध्येच सुटे भाग मूळ आहेत की नाहीत ते लिहून येतं. तडा आहे तर तडा दाखवा. बॅटरीचं मात्र वेगळं आहे. आयफोनची बॅटरी हेल्थ ८० टक्क्यांच्या खाली असेल तर कंपनीच्या अधिकृत केंद्रात बदलायचा खर्च आणि दुकानात वाढणारा भाव दोन्ही विचारून घ्या. कधी जमतं, कधी नाही.

रामबागेतली_सून

अकाउंट काढायचं विसरू नका, काकू. माझ्या दिराने फोन विकला, रीसेट केला, पण आधी गूगल अकाउंट काढलं नव्हतं. रात्री साडेनऊला दुकानदाराचा फोन, "भिया, ये तो पासवर्ड माँग रिया है." दीर तोवर देवासला पोचलेला. फोनवर पासवर्ड सांगणं बरं नाही म्हणून सकाळी परत आला. दुकानदाराने त्रास झाला म्हणून तीनशे रुपये परत मागितले आणि दिरालाही ते द्यावेच लागले.

आधी सेटिंगमध्ये जाऊन गूगल अकाउंट काढा, आयफोन असेल तर 'फाइंड माय' बंद करून आयक्लाउडमधून बाहेर पडा, आणि त्यानंतर रीसेट. हा क्रम उलटा झाला तर लॉक लागू शकतो. सिम आणि मेमरी कार्ड काढा. व्हॉट्सअॅपचा बॅकअप, यूपीआयची अॅप्स, बँकेची अॅप्स आधी नव्या फोनवर चालू करून बघा, मगच जुना पुसा.

नर्मदाकाठ

माझा अनुभव घरी येऊन उचलणाऱ्यांचा. नाव लिहीत नाही. संकेतस्थळावर प्रश्नांची उत्तरं भरली, अकरा हजार दोनशे दाखवले. मुलगा घरी आला, त्याने स्वतःच्या फोनवरून तपासणी केली आणि आकडा सात हजार आठशेवर आला. कारण विचारलं तर "सिस्टिम ने काटा." मला अर्ध्या तासात गाडी पकडायची होती, मी देऊन टाकला. आजही डाचतं. तो फोन तेव्हाच परत मागून घ्यायला हवा होता. तुम्ही तसं करू शकता, पैसे खात्यात येईपर्यंत वस्तू तुमचीच आहे.

तरी त्या संकेतस्थळाचा आकडा काढून ठेवावा असं मी सांगेन. विकायला नाही, दुकानात बोलायला. दोन-तीन ठिकाणचे आकडे स्क्रीनशॉट करून न्या.

सोल्डरगन

नर्मदाकाठ, अगदी बरोबर. फक्त तो स्क्रीनशॉट पहिल्या वाक्यात दाखवू नका. आधी त्याला भाव सांगू द्या. आणि "कितीला घ्याल?" विचारून गप्प बसा. लोक घाईने स्वतःच आकडा सांगून मोकळे होतात आणि दुकानदाराच्या मनात त्याहून जास्त असतो. हे मी काउंटरच्या पलीकडून कितीदा पाहिलं आहे.

आता लॅपटॉप. काकू, तुम्ही कोणता प्रोसेसर, म्हणजे आतली मुख्य चिप, ते लिहिलं नाहीत. बॅगेवरून सात हजार म्हणाला त्याचं कारण सांगतो. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सातव्या पिढीपर्यंतच्या लॅपटॉपचा भाव एकदम पडला आणि जुन्या दिसणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपला दुकानदार त्याच टोपलीत टाकतो. तुमच्या लॅपटॉपच्या 'सिस्टिम'मध्ये प्रोसेसरच्या नावात आय ५ नंतर डॅश आणि चार आकडे असतील, ८२५० किंवा ७२०० असे. पहिला आकडा पिढीचा, तो ८ असेल तर तुमचं नशीब वेगळं.

बॅटरीचाही पुरावा न्या. कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजीत 'पॉवरसीएफजी' लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ आणि त्याला लागून 'बॅटरीरिपोर्ट' एका शब्दात. एक फाइल तयार होते. त्यात बॅटरी नवी असताना किती होती आणि आता पूर्ण चार्ज किती होते हे दोन आकडे असतात. जुळलेले किंवा जवळ असले तर फाइल उघडून त्याच्यासमोर ठेवा.

आतली डिस्क साधी असेल तर हवं तर स्वतःकडे काढून ठेवा, सिल्व्हर मॉलमध्ये कुणीही दहा मिनिटांत काढून देतो. एसएसडी, म्हणजे वेगवान चिपवाली डिस्क, असेल तर तिच्यामुळे भाव वाढतो, मग ती ठेवून नीट पुसून द्या. नुसतं डिलीट पुरेसं नाही. 'रीसेट धिस पीसी' मध्ये ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडा. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

कॅमेरावेडा

अठरा हजारांना डी ७२०० लेन्ससकट देऊ नका हो! मी लग्नाचे फोटो काढतो, आम्ही हे कॅमेरे अजून वापरतो. २०१५ चं मॉडेल आहे आणि निकॉनने त्याच्या शटरची चाचणी दीड लाख क्लिकपर्यंत केलेली होती. तुमच्या कॅमेऱ्याचे किती क्लिक झालेत ते आधी काढा. एक ताजा फोटो काढा, मूळ फाइल न बदलता संगणकावर घ्या, शटर काउंट दाखवणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळावर टाका. काकांनी घरगुती वापर केला असेल तर पंधरा-वीस हजारांच्या आत असेल. असा कॅमेरा आम्हाला सापडत नाही.

पण आधी लेन्स तपासा. पुढची मागची टोपणं काढून मोबाइलच्या टॉर्चने एका बाजूने उजेड टाका आणि दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सला हमखास होते. असली तर लपवू नका, विकत घेणारा हेच पहिल्यांदा बघतो. थोडीशी कडेला असेल तर साफ होते.

आणि विकायची वेळ बघा. तुळशीचं लग्न झालं की आमचा हंगाम सुरू होतो. नवे पोरं त्याआधी महिनाभर कॅमेरे शोधत फिरतात. त्या दिवसांत दोन हजार सहज जास्त मिळतात. फोनचं उलट आहे, सप्टेंबरात नवे आयफोन येतात, त्याआधी विकावा.

खासगीवाडा

दिवाळीच्या एक्स्चेंजबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. नवी वस्तू घ्यायचीच असेल तर "जुन्याचे नऊ हजार" ऐकून हुरळू नका. त्याच नव्या वस्तूची एक्स्चेंजशिवाय रोख किंमत महाराणी रोडवर दोन दुकानांत विचारा. नव्याची किंमत पंधराशेने चढवून जुन्याला पंधराशे वाढवून दिलेले मी पाहिले आहेत. दोन्ही आकडे कागदावर मांडा आणि शेवटी खिशातून किती गेले तेवढंच बघा.

रामबागेतली_सून

दुकानदार आधार कार्डाची झेरॉक्स मागतो, ती द्यावी का? मला भीती वाटते.

सोल्डरगन

मागतो ते योग्यच आहे. चोरीचा माल निघाला तर पोलीस आधी त्याच्याकडे येतात. तुमच्याही फायद्याचं आहे, फोन पुढे कुणाच्या हातात गेला त्याची नोंद राहते. पण आधारच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड आधार' उतरवून द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर आडवं लिहा, "फक्त अमुक फोन, आयएमईआय अमुक, विक्रीसाठी", तारीख टाका, सही करा. आणि त्याच्याकडून पावती घ्या. त्यावर वस्तू, नंबर, रक्कम, तारीख आणि दुकानाचा शिक्का. पावती न देणाऱ्याने दोनशे जास्त दिले तरी मी देणार नाही.

पैसे यूपीआयने घेत असाल तर त्याच्या फोनवरचं हिरवं टिकमार्क बघून निघू नका. आपल्या बँकेच्या खात्यात रक्कम दिसू द्या. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी "हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" म्हणाला, तर तो तुमचेच पैसे काढायला बसला आहे.

पोहेजिलेबी

वापरलेली वस्तू विकली तर आपल्याला जीएसटी लागतो का? दुकानदार म्हणाला, जीएसटी कापून देईन.

खासगीवाडा

घरात वापरलेली वस्तू विकणाऱ्या साध्या माणसाला जीएसटी नाही. नोंदणी असलेला जुन्या मालाचा व्यापारी खरेदी आणि विक्रीच्या फरकावर कर भरू शकतो, आणि तो त्याने भरायचा. तुमच्या पैशांतून कापायचं काही कारण नाही. दुसरं दुकान बघा.

सुदामानगरकर

मंडळी, आठ दिवसांनी लिहितेय. तुम्ही सांगितलेलं बहुतेक केलं.

लॅपटॉपवर ८२५० निघाला! मला तर त्या आकड्याचा अर्थच ठाऊक नव्हता. बॅटरी रिपोर्ट मुलाने काढून दिला. डिस्क साधी होती, ती काढून घेतली, त्यात नातवाच्या बारशापासूनचे फोटो आहेत. सिल्व्हर मॉलमध्ये तीन दुकानं फिरले. पहिला नऊ म्हणाला, दुसरा साडेदहा, तिसऱ्याने विंडोज ११ चालतं का ते स्वतः बघितलं आणि अकरा हजार दिले. डिस्कशिवाय.

फोन सकाळी अकराच्या सुमारास नेला, गर्दी नव्हती. चार्ज केलेला, टेम्पर्ड ग्लास काढलेला, ऑनलाइन खात्यातून काढलेलं बिल, डबा आणि १४४२२ चा मेसेज. सोल्डरगन, तुम्ही सांगितलं तसं "कितीला घ्याल?" विचारून मी खरंच गप्प बसले. जड गेलं, पण बसले. दुकानदाराने फोनवरून दोनदा स्वतःच्या मित्राला कॉल लावून स्पीकर ऐकला, कॅमेरा पुढे-मागे करून पाहिला, मग म्हणाला, "अड़तालीस सौ." मी म्हटलं, आधीच्या दुकानात मेसेज न दाखवता साडेतीन देत होते, तुम्ही सगळं तपासलंत, त्याचं काय? शेवटी पाच हजार दोनशे. पावती दिली, आधारवर मी आडवं लिहिलं तेव्हा त्याने नीट वाचून घेतलं आणि काही बोलला नाही.

कॅमेऱ्याचे क्लिक निघाले फक्त नऊ हजार चारशे. हे दर रविवारी पातालपाणीला पक्ष्यांचे फोटो काढायला जायचे, पण एक फोटो काढायला दहा मिनिटं घ्यायचे. लेन्सच्या कडेला बुरशीचा एक धागा दिसला, तो मी घेणाऱ्याला दाखवला. घेणारी मुलगी फोटोग्राफी शिकते, आपल्याच एका ओळखीच्या घरातली. चोवीस हजारांत ठरलं. तिने बुरशी साफ करायला लागतील म्हणून हजार कमी मागितले, ते मी दिले. ह्यांनी तिला बॅगेतली पट्टी, दोन जादा बॅटऱ्या आणि लेन्स पुसायचा ब्रश असाच दिला आणि क्लिक करताना श्वास कसा धरायचा ते अर्धा तास शिकवलं.

आता शेवटचा प्रश्न. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी आणि वायरींचा एक डबा उरला आहे. त्याचं काय करू?

सोल्डरगन

बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, काकू. नवी घ्याल त्या दुकानात द्या, जुनीचे पैसे वजा करतात, आणि नवी घ्यायची नसेल तरी बॅटरीवाले वजनावर घेतात. वजन तुमच्यासमोर करायला सांगा. आतलं पाणी ओतून टाकू नका, ते तेजाब आहे, बॅटरी उभी ठेवूनच न्या.

वायरींचा डबा निगमच्या कचरागाडीत ई-कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात टाका. त्याआधी एकदा उलटा करून बघा, लॅपटॉपचा मूळ चार्जर त्यातच असेल तर त्या दुकानदाराला नेऊन द्या, दोन-तीनशे आणखी देईल.

सुदामानगरकर

होता! डब्याच्या तळाशीच होता. उद्या जाते.